पन्नासावी डबी

भाभी,

तुमच्या शोकाच्या बैठकीला मी आले होते. जुन्या जालन्यातल्या तुमच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत, बायकांच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. लोक पांगल्यावर तुमचे यजमान, भाईसाहेब, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "रेखाताई, घरातून निघताना ती म्हणाली होती, रेखासोबत चालले. तुम्ही तर ड्युटीवर होत्या. तुम्हाला काही बोलली होती का?"

मी म्हणाले, "न्हाई भाईसाहेब. मला काहीच माहीत न्हाई."

त्यांनी मान हलवली. सुनेला सांगून माझ्यासाठी पाणी मागवलं. ते पाणी मी प्याले आणि घरी आले.

आपल्या ग्रुपवर शेख सरांनी लिहिलंय की प्रत्येकानं भाभींची एकेक आठवण लिहावी. सगळ्यांनी लिहिली. मी लिहिली नाही, कारण माझ्याकडे जी आठवण आहे ती ग्रुपवर टाकण्यासारखी नाही. ती तुम्हालाच सांगायला हवी. तुम्हाला त्यातलं अर्धं माहीतच आहे.

तुमची माझी ओळख तुमच्या घराखालच्या बंद नळाजवळ झाली. निवृत्त झाल्यावर शेख सरांना हा नाद लागला होता. कुठंतरी एक डबी लपवायची, आत एक छोटी वही ठेवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकायचे. मग जगात कोणीही यावं, फोन हातात धरून ती शोधावी, वहीत सही करावी आणि होती तशी परत ठेवावी. याला जिओकॅशिंग म्हणतात, पण जालन्यात आम्ही जे पाच-सहा जण होतो ते 'डबीवाले'च म्हणायचो. सरांनी एक डबी त्या नळामागं चिकटवली होती. मी नवीन जालन्यातून ऑफिस सुटल्यावर आले होते आणि नळापाशी वाकून चाचपडत होते. वरून आवाज आला.

"ओ बाई! काय करून राह्यल्या तिथं?"

मी वर पाहिलं. डोक्यावर पदर, हातात पितळी तांब्या.

"काही न्हाई, चावी पडली."

"खोटं नका बोलू. सहा महिन्यांपासून पाहून राह्यले मी. कोणी ना कोणी येतं, इथंच वाकतं आन् जातं. काय पुरून ठेवलंय तुम्ही आमच्या दारात?"

तुम्हाला वाटत होतं की कोणीतरी करणी केलीय. सहा महिने तुम्ही रोज सकाळी वरून त्या नळावर हळदीचं पाणी ओतत होता. सरांची वही पिवळी का पडते हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मी डबी काढून तुम्हाला दाखवली. तुम्ही खाली आलात, वही उलटीपालटी केलीत, सगळ्या सह्या वाचल्यात. एक सही पुण्याच्या कोणाची तरी होती. तुम्ही विचारलंत, "पुण्याचा माणूस हे पाहायला माझ्या गल्लीत आल्ता?" आणि मग, "मला शिकव."

तुम्ही त्रेपन्न वर्षांच्या होता. लग्न होऊन त्या घरात आलात त्याला तीस वर्षं उलटली होती. एकदा स्कूटीवर माझ्या मागे बसून अंबड रोडनं जाताना तुम्ही म्हणालात, "रेखा, जालन्यात मी दोनच रस्ते चालले बघ. घर ते दुकान आन् घर ते मंदिर. बाकी जालना मला लोकांनी सांगितलेलं." वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी "काय?" असं विचारलं. तुम्ही "काही न्हाई" म्हणालात. खरं तर मला ऐकू आलं होतं.

तुमचं डोकं या कामाला माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी फोनमधला बाण पाहत राहायचे आणि तुम्ही जमीन पाहायच्या. "हा दगड इथला न्हाई" असं म्हणून उचलायच्या, आणि डबी खालीच असायची. तीस वर्षं कापडाचे तागे उलगडताना कुठला धागा वेगळा आहे ते पाहायची सवय, असं तुम्ही सांगायच्या.

घनसावंगीकडच्या त्या पारावरचा किस्सा मी माझ्या आईला कितीदा सांगितला असेल. झाडाच्या ढोलीत डबी होती. आपण चाचपडत होतो तेवढ्यात पाण्याच्या टाकीकडून सात-आठ बाया आल्या. "काय शोधून राह्यल्या, ताई?" तुम्ही पटकन म्हणालात, "कानातलं पडलं." झालं. सगळ्या बायांनी हंडे खाली ठेवले आणि पाराभोवती मातीत हात घातले. एक म्हातारी तर गुडघ्यावर बसून पालापाचोळा निवडायला लागली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, कोणी हटेना. मला हसू आवरेना आणि तुमचा चेहरा उतरलेला. मग तुम्ही पदराआड हात नेलात, उजव्या कानातला सोन्याचा टॉप काढलात आणि म्हातारीच्या हाताजवळ हळूच टाकलात. "सापडला!" म्हणून ती ओरडली तेव्हा सगळ्या बाया लग्नात आल्यासारख्या हसल्या. परत येताना मी म्हणाले, "भाभी, हरवलाच असता तर?" तुम्ही म्हणालात, "हरवला असता तर हरवला असता. त्या बिचाऱ्या खोट्यासाठी माती उकरून राह्यल्या होत्या."

अशा बाईला मी खोटं ठरवलं.

कुंभार पिंपळगाव माझं माहेर. गावापुढच्या माळावर मुरमाची जुनी खाण आहे. तिच्या काठावर, दगडांच्या कपारीत माझी डबी आहे. मी स्वतः लपवलेली ती पहिलीच, म्हणून मला तिचा जरा जास्तच अभिमान होता. फेब्रुवारीत तुम्ही माझ्या आईला भेटायला एकट्या गेलात, तिच्यासोबत आठवडी बाजार केलात आणि येताना रिक्षा माळाकडे वळवलीत. रात्री अ‍ॅपवर तुमची नोंद आली, "सापडली. माझी पन्नासावी." आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं. तुम्ही सरांच्या घरी पेढे पाठवलेत.

एप्रिलमध्ये मी माहेरी गेले तेव्हा वही बदलायला म्हणून डबी उघडली. आत तुमची सही नव्हती.

मी तुम्हाला फोन करायला हवा होता. मी केला नाही. अ‍ॅपवर जाऊन तुमची नोंद पुसून टाकली आणि ग्रुपवर लिहिलं, "वहीत सही नसेल तर शोध धरला जात नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं." नाव लिहिलं नाही, पण कोणासाठी लिहिलंय ते सगळ्यांना कळलं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आलात. मी चहा ठेवला होता. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिलात.

"रेखा, तू माझं नाव पुसलं?"

"भाभी, नियम आहे."

"मी हातानं उघडली डबी. मुरूम भरणारे लोक आले, ट्रॅक्टर लावून बघत बसले. त्यांच्यासमोर वही कशी काढू? झाकण लावलं आन् निघाले. तुझ्या आईला विचार, रिक्षात बसली होती."

"आईनं डबी पाहिली का?"

तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. "म्हंजे मी खोटी हाय?"

"खोटं न्हाई म्हणून राह्यले मी. पण सगळ्यांना एक आन् तुम्हाला एक, असं कसं करू?"

बियाण्याच्या कंपनीत माझं काम उगवण तपासायचं. ओल्या कागदात शंभर बिया ठेवायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं. अर्धवट फुटलेली बी उगवली असं धरत नाहीत. हे तुम्हाला माहीत होतं, कारण मी तुम्हाला एकदा प्रयोगशाळा दाखवली होती. तुम्ही म्हणालात, "मी काय तुझी बी हाय का? तुझ्या कागदावर उगवले तरच मी हाय?"

तेव्हा मी ते वाक्य बोलले. गॅस बंद करता करता, तुमच्याकडे न बघता.

"मंग जाऊन सही करून या ना. विषयच संपला."

"जाईन," तुम्ही म्हणालात. "एकटीच जाईन." चहा न घेता जिना उतरलात. तुमच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत येत होता. मला वाटलं, दोन दिवसांनी राग जाईल, भाजी घेऊन याल. मी वाट पाहिली, पण स्वतः आले नाही.

तीन आठवडे गेले. मे महिना लागला. जालन्यात उन्हानं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अकरानंतर गल्लीतली कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली जाऊन पडत होती. त्या मंगळवारी तुम्ही सकाळी एसटीनं निघालात. कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर उतरलात. स्टँडपासून माझ्या आईचं घर पाच मिनिटांवर आहे आणि तिच्या ओट्यावर माठ भरलेला होता. तुम्ही तिकडे गेला नाहीत. का गेला नाहीत ते मला माहीत आहे. आई मला फोन करून सांगेल असं तुम्हाला वाटलं असणार. माळाच्या फाट्यापर्यंत रिक्षा केलीत आणि तिथून पुढं पायी निघालात.

एक वाजून बारा मिनिटांनी माझ्या फोनवर फोटो आला. वहीचं पान. तुमचं मोठ्या अक्षरातलं नाव, तारीख, खाली पन्नासचा आकडा आणि त्याच्याभोवती तुम्ही काढलेला गोल. फोटोखाली लिहिलं होतं, "आता मान."

माझी जेवणाची सुट्टी होती. डबा पुढ्यात होता. मी फोटो उघडला आणि मोठा करून पाहिला. पानाच्या कडेला तुमचा अंगठा दिसत होता आणि मागं पांढराफटक माळ. मला कळलं की तुम्ही आत्ता, या घडीला, त्या उन्हात उभ्या आहात. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते इथं लिहिते, कारण नाही लिहिलं तर हे सगळं लिहून उपयोग नाही. मला राग आला. वाटलं, जिंकल्या. मी फोन उलटा ठेवला आणि जेवले.

दोनला पंधरा मिनिटं कमी असताना तुमचा फोन आला. मी हात धूत होते. स्क्रीनवर नाव दिसलं. हात ओले होते, पण पुसायला रुमाल खांद्यावरच होता. फोन वाजत राहिला. मी तो बघत उभी राहिले. वाटलं, आता ऐकवतील; संध्याकाळी बोलू. वाजून बंद झाला. पुन्हा आला नाही.

चारला आईचा फोन आला. मेंढ्यावाल्या दोघांना तुम्ही खाणीच्या उतारावर पडलेल्या दिसल्या. त्यांनी तुम्हाला मोटारसायकलवर मधे धरून गावात आणलं. गावात कोणीतरी ओळखलं, "ह्या तर रेखाताईसोबत येतात." आईनं तुमच्या अंगावर ओले कपडे टाकले आणि गाडी मिळेपर्यंत तुमच्या तळपायांवर पाणी ओतत बसली. आई सांगते की तुमचं अंग तव्यासारखं होतं आणि पाणी ओतलं की लगेच वाळायचं.

जालन्याच्या दवाखान्यात तुम्ही दोन दिवस होता. मला एकदाच आत सोडलं. तुमचे डोळे अर्धे उघडे होते, पण तुम्ही मला पाहत नव्हता. डॉक्टर म्हणाले की मेंदूला ऊन लागलंय, किडन्या बंद पडल्यात. नर्स तुमचा हात पुसत होती. अंगठ्यावर निळी शाई होती. उन्हानं पेन फुटलं असणार. ती स्पिरिटनं शाई काढू लागली. मी तिला राहू द्या म्हणाले. तिनं "का?" असं विचारलं. मी खाटेपासून मागे सरले. तिनं शाई पुसून काढली.

गुरुवारी पहाटे तुम्ही गेलात.

शेख सर आणि मी नंतर एकदा सकाळी लवकर माळावर गेलो. डबी जागेवर होती, झाकण घट्ट लावलेलं, वर दगड आधीसारखाच ठेवलेला. तशा अवस्थेतही तुम्ही ती नीट परत ठेवली होती. कपारीपासून खाणीच्या उतारापर्यंत सरांनी पावलं मोजली. मी मोजू दिली, पण आकडा विचारला नाही. परत येताना सर गाडीत म्हणाले, "रेखा, तिची नोंद तू परत टाक अ‍ॅपवर." मला ते करता येत नाही, भाभी. मी पुसू शकते, लिहू शकत नाही. नोंद ज्याच्या नावाची त्यालाच करावी लागते. तुमच्या खात्यावर आजही एकोणपन्नास दिसतात.

आणि अजून एक. सरांना मी हे सांगितलं नाही. मला आजही वाटतं की नियम बरोबर होता. झोप येत नाही तेव्हा मी तुमच्याशी तोच वाद घालते. तुम्ही दारात उभ्या असता, मी गॅसपाशी असते आणि प्रत्येक वेळी माझाच मुद्दा बरोबर निघतो. त्याचा मला काहीच उपयोग नाही. पुसायच्या आधी एक फोन केला असता तर नियम कुठं पळून जाणार होता?

काल सकाळी मी तुमच्या कापडाच्या दुकानात गेले. नुकतंच उघडलं होतं. भाईसाहेब गादीवर एकटे बसले होते, नोकर शटरबाहेर पाणी मारत होता. मी चपला काढून आत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नोंद पुसली ते, स्वयंपाकघरात बोलले ते, फोटो आला ते. फोन वाजत राहिला आणि मी उचलला नाही, तेही.  समोर कापडाचं एक थान अर्धं उलगडलेलं होतं, त्याची कड भाईसाहेब बोटांनी सरळ करत होते.

माझं संपल्यावर म्हणाले, "बसा."

मी बसले.

"फोटोचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "तिच्या फोनला कुलूप न्हाई. दवाखान्यातच पाह्यला मी. तुम्हाला केलेला फोन बी दिसला."

"मंग बैठकीच्या दिवशी तुम्ही मला..."

"विचारलं. तुम्ही सांगता का ते पाहून राह्यलो होतो."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते मला जायला सांगतील, आणि मला तेच हवं होतं. जा म्हणावं, पुन्हा तोंड दाखवू नका म्हणावं. त्यांनी गादीखालून तुमचा फोन काढला. चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवलं आणि स्क्रीन माझ्याकडे केली.

त्या दुपारी तुम्ही लावलेल्या फोनची यादी होती. सगळ्यात वर माझं नाव. त्याच्या खाली त्यांचं. त्याच्या खाली पुन्हा त्यांचं.

"तुमच्या आधी मला केला," ते म्हणाले. "दोन वेळा. लग्नाचं गिऱ्हाईक बसलं होतं, मोठं. म्हटलं, विचारत असंल भाजी काय आणू. फोन असा बाजूला सरकवला." त्यांनी हातानं करून दाखवलं, गादीवरून काहीतरी हळूच बाजूला सारल्यासारखं. "तीन वाजता मी लावला तवा उचलला न्हाई कोणी."

बाहेर नोकराचं पाणी मारून झालं होतं. तो आत येऊ लागला तेव्हा भाईसाहेबांनी त्याला चहा सांगायला पाठवलं.

"पोरांना सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

"न्हाई. पोरं म्हणतात, आई कोणाला खरं न सांगता गेली, एकटीच पडून राह्यली, कोणाला हाक बी मारता आली न्हाई तिला." त्यांनी चष्मा काढला. "मी म्हणतो, हो."

चहा आला. आम्ही दोघांनी घेतला नाही. एक बाई ब्लाऊजपीस विचारायला पायरीवर चढली. भाईसाहेब उठले, तिला दोन रंग दाखवले आणि कात्री घेऊन कापड कापून दिलं.  मग परत येऊन माझ्यासमोर बसले. मीही उठले नाही. दुपारपर्यंत आम्ही तसेच बसून होतो, भाभी, आणि तुमचा फोन आमच्या दोघांच्या मधे गादीवर पडलेला होता.